कोळशाइतकंच पाणीही बघा

कोळशापासून डिझेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरबद्दल चर्चा चालली की कच्चं तेल महाग असेल तरच हे डिझेल परवडतं, असं म्हणतात; ते पटलं. पण पाण्याचा मुद्दा कुणीच काढला नाही. कोळशाचं डिझेल करायला हायड्रोजन लागतो, तो बनवायला पाण्याची वाफ लागते, थंड करायला वेगळं पाणी. दक्षिण आफ्रिकेतल्या सासोल कंपनीचा सेकुंडा इथला असा प्रकल्प वाल नदीच्या पाण्यावर चालतो. चीनमध्ये ऑर्डोसच्या कोरड्या भागात शेन्हुआ या कोळसा कंपनीच्या अशाच कारखान्याने भूजल उपसल्यावरून केवढा वाद झाला!

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. घरात हंडे, कळशा, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायचो आम्ही. तेव्हापासून कोळशापासून डिझेल बनवणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की खाणीआधी मी पाण्याचा स्रोत शोधतो. तो धड सांगितलेला नसेल तर शेअर कितीही स्वस्त असो, घेत नाही.