विंडोजचे सिक्युरिटी अपडेट लगेच टाकावेत की थांबून? (ऑफिसचे तीन पीसी)

साखळीकर: नमस्कार मंडळी. साखळीत आमचं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. तीन पीसी, तिन्हींवर विंडोज ११, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली आणि एक शेअर केलेला प्रिंटर. मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ८ ते १४ तारखेत कधीतरी. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ची शेवटची तारीख ११. क्लायंट बिलांची पिशवी घेऊन समोर बसलेला आणि पीसी रीस्टार्ट होतोय, असं चालणार नाही. लगेच टाकू की थांबू? नवीन मशीन घ्यायचं नाही. फार तर बॅकअपसाठी चार-पाच हजारांची हार्डडिस्क.

मिरामार_वॉकर: मॅक घ्या. मी घेतला, तेव्हापासून निवांत आहे.

फोंडा_नेटवर्क: बाब, त्यांनी बजेट लिहिलंय, वाचा की. आणि अपडेट मॅकलाही येतात. साखळीकर, लगेच टाका. २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर). पॅच, म्हणजे सुरक्षेतलं भोक बुजवणारं अपडेट, १४ मार्चला आला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. दोन महिने हातात होते, तरी ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. पॅच बाहेर पडला की त्यात काय बदललं ते बघूनच चोरांना भोक सापडतं.

माशेलची_बाय: लगेच मुळीच नको! सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर कितीतरी ठिकाणी नेटवर्क प्रिंटर बंद पडले होते. तुमचा प्रिंटर शेअर केलेलाच आहे. महिनाभर थांबा, दुसऱ्यांचं काय होतं ते बघा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या माणसाने तर न विचारता फॉरमॅट मारला, सगळी खाती गेली.

म्हापसा_बाजार: थांबाच. १९ जुलै २०२४ ला अपडेटमुळेच ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते.

फोंडा_नेटवर्क: ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची फाइल बिघडली होती. दोन्हींची सरमिसळ करू नका.

म्हापसा_बाजार: पडदा निळा झाला ना? मग गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?

डिचोली_इन्व्हर्टर: वीज कोणीच विचारात घेत नाही. जूनमध्ये आपल्याकडे दिवसातून कितीदा जाते! अपडेट अर्ध्यावर असताना गेली तर विंडोज उघडेलच याचा भरवसा नाही. मी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर बसवलाय, पंखेसुद्धा चालतात.

मिरामार_वॉकर: लॅपटॉपला हा प्रश्नच येत नाही.

वास्को_ॲडमिन: इन्व्हर्टर असला तरी पीसीला यूपीएस हवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात काही पीसी रीस्टार्ट होतात. आता मूळ प्रश्न. सगळे पॅच एका तोलाचे नसतात. ज्या भोकाचा गैरवापर सुरू झाल्याचं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं, तो पॅच त्याच दिवशी. बाकीचे आधी एका पीसीवर टाका, टॅली उघडा, एक प्रिंट काढा, तीन-चार दिवसांनी उरलेल्या दोघांवर. पॉझ अपडेट्समध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण तेवढं थांबू नका. ब्राउझरचं अपडेट मात्र कधीच अडवू नका, पोर्टल आणि मेल तिथेच उघडता. हार्डडिस्क जरूर घ्या, आणि बॅकअप झाला की काढून ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही लॉक करतं.

माशेलची_बाय: मीही तेच म्हणत होते, थांबा म्हणून.

साखळीकर: सगळ्यांचे आभार. कॅलेंडर घेऊन बसलो होतो. दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार कुठल्याही महिन्यात १२ ते १८ मध्येच पडतो. म्हणजे ११ उलटलेली, आणि जीएसटीआर-३बी या दुसऱ्या रिटर्नची २० तारीख अजून पुढे. मी तोच शनिवार धरणार. दुपारी शटर ओढायचं, टॅलीचा बॅकअप डिस्कवर घ्यायचा आणि तिन्ही पीसी एकदमच करायचे. गैरवापर सुरू झालेला पॅच असेल तर शनिवारची वाट बघणार नाही, त्याच संध्याकाळी.

वास्को_ॲडमिन: तिन्ही एकदम नको. एक तरी मागे ठेवा.

साखळीकर: मागे ठेवलेला पीसी मागेच राहतो, मी स्वतःला ओळखतो. रविवार हाताशी आहे. प्रिंटर अडला तर अपडेट काढायचं कुठून, तेवढं सांगा.

वास्को_ॲडमिन: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, तिथे तळाला अनइन्स्टॉल अपडेट्स. कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवा.