पॅरिसला दहा दिवस: माणशी ७ किलो पुरे, की चेक-इन बॅग हवीच?

पाचपाखाडी
जूनअखेर ठाण्यातून चौघांचं कुटुंब दहा दिवस पॅरिसला निघालं की हॉलमध्ये तीन मोठ्या ट्रॉली उघडून बसतात. माझं मत सरळ आहे: माणशी एक हातबॅग, ७ किलो. चेक-इनला काहीही नको.

कारण तिथले जिने. पॅरिस मेट्रोच्या बहुतेक जुन्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली मेट्रो म्हणजे १४ नंबरची लाइन. जुन्या इमारतींत लिफ्ट असलीच तर दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. २३ किलोची बॅग घेऊन तिथे उभं राहिलं की सुट्टीचा पहिला दिवस कंबरेतच जातो.

वजनाचा हिशेब असा: मऊ बॅग १.१ किलो (कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते, ती घेऊच नका). चार टी-शर्ट किंवा कुर्ते ७२० ग्रॅम, दोन हलक्या पँट ७००, एक पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट २००, रेनकोट २५०, आतले कपडे-मोजे पाच जोड ४००, रात्रीचे कपडे ३५०, चार्जर-पॉवर बँक-अडॅप्टर ५००, साबण-पेस्ट वगैरे ६००, औषधं ३००, चप्पल ३००. साडेपाच किलोच्या आत. बूट पायात, स्वेटर अंगावर. जीन्स एकच आणि तीही अंगावरच, कारण एक जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि धुतली तर सकाळपर्यंत वाळत नाही.

कपडे रात्री धुवायचे, कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहून पाणी काढायचं, मग तीन मीटर दोरीवर टाकायचे. आपल्याकडे जूनमध्ये तीन दिवस ओले राहणारे कपडे तिथल्या कोरड्या हवेत रातोरात वाळतात.

सीवूड्स_पूर्व
दादा, हिशेब चोख आहे, पण तो तिशीतल्या माणसाचा आहे. सासू-सासरे बरोबर असतील, शाकाहारी असतील, आणि एकाला मधुमेह असेल, तर खाणं कुठे बसवलंत? उरलेल्या दीड किलोत?

शिवाय हातबॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, मग ती अर्धीच भरलेली का असेना. सनस्क्रीन, खोबरेल तेल, लोणचं हे सगळं एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावणार नाही. म्हणून चौघांत मिळून एक चेक-इन बॅग घ्यावी, पंधरा किलोची. तिची चाकं मोठी हवीत.

मात्र काय भरता ते बघा. युरोपियन युनियनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच. एपीएमसीतून आंब्याची पेटी उचलून नेण्याचा मोहही आवरा. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन सोडून बाकी ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर दोन्ही बॅगांत नकोत. त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापू शकतात, म्हणून विमानासाठी तो धोकादायक माल ठरतो.

चालतं ते: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, खाकरा, बाकरवडी, उपम्याचं तयार पीठ. सगळं बंद पाकिटात, घटकांचं लेबल असलेलं. नुसत्या डब्यातली पिवळी पूड अधिकाऱ्याला कशी समजावणार?

कळवा_खारेगाव
उपम्याचं पीठ नेणारे बरोबर केटलही नेतात, म्हणून हे लिहितो. फ्रान्समध्येही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. आपल्या फोनच्या चार्जरची गोल दोन पिनांची प्लग बहुतेक थेट बसते. तीन पिनांची बसत नाही. मग लोक युनिव्हर्सल अडॅप्टर लावतात, आणि खरा घोटाळा इथेच होतो. त्यावर बऱ्याचदा ६ अँपिअर लिहिलेलं असतं. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. १५०० वॉटची केटल लावली की अडॅप्टर तापतो, प्लास्टिक वितळतं. ६०० वॉटची घडीची केटल न्या, किंवा खोलीत केटल आहे का ते बुकिंग करतानाच विचारा.

पॉवर बँक फक्त हातबॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. पण तिच्यावर क्षमता छापलेली असू द्या. पुसट झाली असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.

पाचपाखाडी
ताई, मधुमेहाचा मुद्दा मान्य, पण औषधं आणि इन्सुलिन हातबॅगेतच हवीत. चेक-इनच्या कप्प्यात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं, आणि बॅग आखातातल्या विमानतळावर मागे राहिली तर काय? औषधी द्रवांना १०० मिलीचं बंधन नाही, डॉक्टरांची चिठ्ठी मात्र जवळ ठेवा.

खाण्याचं मला पटत नाही. गार द्यू नॉर आणि ला शापेलच्या भागात श्रीलंकन तमिळ दुकानं आहेत. डोसा, वरण-भात, तांदूळ, डाळ, मसाले सगळं मिळतं. दही कुठल्याही सुपरमार्केटात. चार किलो फराळ समुद्रापार वाहून नेण्याचं प्रयोजन काय?

ऐरोलीची_सून
दिवसभर फिरून आलेल्या सत्तरीच्या माणसाला रात्री नऊला ला शापेल दूर वाटतं. मेतकूट-भात दहा मिनिटांत होतो. तिथे अंधार पडायलाच दहा वाजतात, म्हणून जेवणाची वेळही सरकते. खाणं न्याच.

तुम्हा दोघांकडूनही उन्हाचा विचार राहिलाय. पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ला ४२.६ अंश नोंदले गेले. बहुतेक जुन्या घरांत एसी नाही, पंखाही नसतो. उलट साध्या दिवशी पहाटे १५ अंश आणि दुपारी २५. म्हणून दोन सैल सुती कपडे, एक पातळ थर, रुंद टोपी, आणि रिकामी पाण्याची बाटली. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रस्त्यावरच्या कारंज्यांवर फुकट भरता येतं.

पॅरासिटामॉल ठाण्याहूनच न्या. फ्रान्समध्ये औषधं फक्त फार्मसीत मिळतात, आणि रविवारी बहुतेक बंद. पोरांना पोहायचं असेल तर टोपी आणि घट्ट चड्डी घ्या, सैल बर्म्युडावर महापालिकेच्या तलावात प्रवेश मिळत नाही. आणि शौचालयात जेट नसतो. दाबून धार येणारी अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येकाच्या बॅगेत. यावर तरी वाद नसावा.

सीवूड्स_पूर्व
बाटलीवर एकमत. पण दादा, ठाण्याहून विमानतळ गाठेपर्यंतचा पाऊसही मोजा. मऊ बॅग टॅक्सीच्या डिकीत भिजते. आतून जाड काळी कचऱ्याची पिशवी लावा, कपडे त्यात. कडक ट्रॉलीला हे करावं लागत नाही, एवढा तरी गुण तिला द्या.

पाचपाखाडी
पिशवी पन्नास ग्रॅमची, ट्रॉली दीड किलो जास्त. मी पिशवी घेईन.

कळवा_खारेगाव
७ किलोवाल्यांनी तिकीट मात्र नीट वाचा. एअर इंडिया, एमिरेट्सला ७, एअर फ्रान्सला हातबॅग आणि छोटी पिशवी मिळून १२ किलो. पण पॅरिसहून पुढे रोमला इझीजेटने जाणार असाल, तर फुकट फक्त ४५ × ३६ × २० सेंटिमीटरची पिशवी. मुंबईहून आणलेल्या ५५ सेंटिमीटरच्या चारही बॅगांचे पैसे वेगळे. तेव्हा चार लहान पाठपिशव्या आणि पैसे भरून घेतलेली एकच मोठी बॅग स्वस्त पडते. ते पैसे तिकीट काढतानाच भरा, गेटवर दर बराच चढा असतो.