भाजलेल्या भाज्यांचं सूप पांचट का होतंय? (आणि सोबतचा चीज टोस्ट)

दमट_दादर:
पाऊस लागला की घरात सूपची फर्माईश सुरू. रविवारी मंडईतून अर्धा किलो टोमॅटो, दोन गाजरं, लाल भोपळ्याची फोड आणि सिमला मिरची आणली. चिरून, तेल-मीठ चोळून ट्रेमध्ये घातली, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर, वीस मिनिटं. काढलं तर ट्रेमध्ये पाणीच पाणी! भाज्या उकडल्यासारख्या. लेक एक चमचा घेऊन म्हणाला, "आई, कोण आजारी आहे?" तोवर टोस्टही वातड झालेला. काय चुकलं? क्रीम, कॉर्नफ्लॉर नकोय.

खमंग:
ट्रेमध्ये भाजी एकावर एक रचली होतीस ना? तिथेच घात झाला. सुटलेल्या पाण्याची वाफ तिथेच कोंडते आणि पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. खमंगपणा १४० च्या पुढे येतो. म्हणून एकच थर, फोडी सुट्या, लागलं तर दोन खेपा. ओटीजी आधी दहा मिनिटं तापव, मग २०० ते २२० वर अर्धा-पाऊण तास. कडा काळपट होऊ देत, घाबरू नकोस. टोमॅटो अर्धे करून कापलेली बाजू वर. मीठ भाज्या भाजून झाल्यावरच घाल, कारण मिठानेही पाणी सुटतं.

लसणाचा अख्खा गड्डा शेंडा उडवून, तेलाचं बोट लावून, फॉइलमध्ये गुंडाळून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात ठेव. नंतर दाबला की पाकळ्यांतून लोण्यासारखा गर निघतो. सूपची अर्धी चव तीच. दाटपणाला भोपळा पुरेसा आहे.

गिरगावची_सून:
ओटीजी नसला तरी अडत नाही. भरताचं वांगं भाजतो तसंच गॅसवर जाळी ठेवून टोमॅटो, सिमला मिरची, अख्खा कांदा भाजायचा. बर्नर माखतो, ते गृहीत धरा. साल हातानेच काढा, नळाखाली धरलं की धुराची चव मोरीत गेली. गाजर-भोपळा बिडाच्या तव्यावर, झाकण न ठेवता. सासूबाई या सूपला "पातळ भरीत" म्हणतात, पण दोन वाट्या पितात.

पळीभर:
एक इशारा. गरम भाजी मिक्सरला लावू नका. माझ्याकडे वाफेने झाकण उडालं आणि भोपळा थेट पंख्यावर. कोमट झाल्यावरच, भांडं अर्धं भरून फिरवा.

दमट_दादर:
बाप रे. हँड ब्लेंडर चालेल का? आणि टोस्टचं कुणीच बोलत नाहीये.

पळीभर:
चालेल, पातेल्यातच फिरव. सालं राहतात, गाळून घे.

इराणी_चहा:
टोस्टवर मी बोलतो. 😄 पावसाळ्यात स्लाइस ब्रेड लगेच सादळतो. जवळ इराणी बेकरी असेल तर ब्रून पाव (बाहेरून कडक असतो तो) आणा. आडवा कापून आधी नुसताच शेकायचा, मग लोणी, वर हिरव्या चटणीचा हलका हात (सँडविचवाल्यासारखा थापायचा नाही), मग चीज. क्यूबचं प्रोसेस्ड चीज किसून घातलं तर मऊ होतं, पण तार सुटत नाही. मोझरेलाला तार येते, पण ते एकटं अळणी लागतं. निम्मं-निम्मं घ्या. ओटीजीची फक्त वरची कॉइल, तीन-चार मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही. सूप वाडग्यात ओतल्यावरच टोस्ट आत ठेवायचा, आधी केला की चामडं.

दमट_दादर:
आज केलं! दोन खेपा, २१० वर. पहिल्या खेपेतला निम्मा भोपळा लेकाने ट्रेवरूनच संपवला. टोस्टला तार आली. पण सूप थोडं आंबट झालंय, साखर घालू?

गिरगावची_सून:
कांदा किती घातलास?

दमट_दादर:
कांदा?

गिरगावची_सून:
अगं बाई. उठ, गॅस लाव, एक कांदा भाज.