पणजोबांची दोन आडनावे: मूळ घराणे कोणते?

प्रश्न
माझ्या आजोबांच्या वडिलांचे आडनाव जन्मनोंदीत एक आहे आणि विवाहनोंदीत दुसरेच आहे. जन्मतारीख आणि आईचे नाव दोन्हीकडे जुळते, वडिलांचे नाव मात्र वेगळे आहे. त्यांना दत्तक घेतले होते असे घरात ऐकले आहे, पण दत्तकपत्र सापडलेले नाही. अलीकडे मी डीएनए चाचणी केली, तेव्हा जन्मनोंदीतले आडनाव लावणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांशी माझी २३० सेंटीमॉर्गनची (समान डीएनए मोजण्याचे एकक) जुळणी निघाली. एवढ्यावरून तेच आमचे मूळ आडनाव मानावे का? वडील आता थकले आहेत आणि त्यांच्या हयातीत याचा उलगडा व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले उत्तर
एवढी जुळणी योगायोगाने होत नाही, परंतु हा आकडा एकच एक नाते सांगत नाही. आधी त्या गृहस्थांचे वय विचारा. ते तुमच्या पणजोबांच्या भावाच्या वंशातले आणि तुमच्याच पिढीतले असतील, तर तुमच्यात सरासरी एक टक्क्याहूनही कमी डीएनए समान असायला हवा. २३० सेंटीमॉर्गन म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडे वर. हा आकडा तुमच्या आजोबांच्या सख्ख्या चुलत भावाला बरोबर बसतो, म्हणजे ते बरेच वयोवृद्ध असायला हवेत. ते तुमच्या वयाचे निघाले, तर तुमच्या चार पणजोबा-पणजींच्या जोड्यांपैकी दुसऱ्याच एखाद्या जोडीकडून हे नाते येत असण्याची शक्यता अधिक, आणि मग आडनावाचा मेळ निव्वळ योगायोगाचा ठरतो. शिवाय ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने झाली, तिथे हे आकडे फुगलेले दिसतात.

वडिलांची संमती असेल तर त्यांची चाचणी लवकर करून घ्या. नाते त्यांच्या बाजूचे असेल तर त्यांची जुळणी सुमारे दुप्पट निघेल, आणि मुळीच निघाली नाही तर ते नाते तुमच्या आईकडचे आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. तुम्ही स्त्री असल्यामुळे ते तुमच्याकडे नाही, पण वडिलांकडे आहे. ते या गृहस्थांच्या वाय गुणसूत्राशी ताडून पाहता येईल. चाचणीच्या अहवालात अमुक प्रदेशाचे इतके टक्के असे जे अंदाज येतात, त्यांचा या प्रश्नाला काहीही उपयोग नाही.

दुसरे उत्तर
मला तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दत्तक गेलेल्या मुलाच्या विवाहनोंदीत बहुधा दत्तक आईचे नाव येते. इथे आई तीच राहिली आहे आणि वडील बदलले आहेत. म्हणजे आईने दुसरा विवाह केला आणि मुलाला सावत्र वडिलांचे आडनाव मिळाले, असा अर्थ अधिक संभवतो. तसे असेल तर दत्तकपत्र कधी झालेच नसेल. त्याऐवजी जन्मनोंदीतल्या वडिलांची मृत्युनोंद, आईच्या दुसऱ्या विवाहाची नोंद आणि धाकट्या भावंडांच्या जन्मनोंदी शोधा. नोंदींतला साक्षीदारांचा रकानाही वाचा, कारण तिथे अनेकदा नातलगांचीच नावे असतात.

कागद आणि रक्त यांची फारकत पुष्कळ ठिकाणी आढळते. २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेला सांगाडा इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा असल्याचे ठरवताना त्याच्या बहिणीच्या वंशातून आलेला मातृवंशीय डीएनए जुळला. मात्र वंशावळीनुसार पितृवंशाचे नातलग असलेल्या पाच पुरुषांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
दोघांचेही मनःपूर्वक आभार. त्या गृहस्थांना विचारले. ते ८१ वर्षांचे आहेत, आणि त्यांच्या वडिलांचा एक मोठा भाऊ लहानपणीच आईबरोबर दुसऱ्या घरी गेला, असे त्यांनीही ऐकले आहे. वडिलांनी चाचणीला होकार दिला आहे. त्या घरातली मृत्युनोंद मी उद्यापासून शोधायला घेते.