कॉमन रायडिंगला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागात जून-जुलैमध्ये घोड्यांवरून गावाची हद्द फिरून यायचा ‘कॉमन रायडिंग’ नावाचा उत्सव असतो. त्याच्यावर मराठीत लिहितोय. ‘सामान्य घोडेस्वारी’ तर लिहिणार नाही. ‘सीमोल्लंघन’ चालेल का?

*

नाही चालणार. दसऱ्याला आपण शीव ओलांडतो. तिथं शीव राखायची असते. लगतच्या जमीनदारानं खुणेचे दगड सरकवलेत का, कुंपण आत घातलंय का, ते बघत फिरायचं. ‘कॉमन’ म्हणजे गावाची सामाईक जमीन, गुरं चारायची आणि चुलीसाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापायची. आपलं गायरानच की! मी ‘गायरानफेरी’ म्हणेन.

लँगम गावाचं बघा. १७५९ साली कोर्टानं तिथल्या सामाईक जमिनीच्या हद्दी ठरवून दिल्या. मग दरवर्षी गावाचा माणूस पायी जाऊन हद्दीच्या खुणा साफ करायचा. घोडे आले १८१६ पासून, तेव्हा नावात घोडा नसला तरी बिघडत नाही. आजही तिथं मिरवणुकीत लाकडी ताटलीवर बार्लीची भाकरी आणि खारवलेला हेरिंग मासा चक्क खिळ्यानं ठोकून, काठीवर उंच धरून नेतात. हद्दीवर फावड्यानं गवताचं ढेकूळ कापायचा मानही असतो.

*

लिनलिथगो गावात याच प्रकाराला ‘रायडिंग ऑफ द मार्चेस’ म्हणतात. तिथला ‘मार्च’ महिन्यातला नाही आणि लष्करी कवायतीतलाही नाही. मार्च म्हणजे शीव. फेरी असते जूनमध्ये, तेव्हा ‘मार्चमधली स्वारी’ लिहू नका, आधीच सांगून ठेवतो.

*

‘गायरानफेरी’ अर्थाला बरोबर, पण रुक्ष. महसूल खात्याचं परिपत्रक वाटतं. हॉइक गावच्या लोकांना विचाराल तर ते आधी जमिनीचं नाही, झेंड्याचं सांगतील. १५१३ला इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि त्याचं सैन्य कापलं गेलं. पुढच्याच वर्षी गावातल्या उरलेल्या पोरांनी हॉर्न्सहोलपाशी इंग्रजांच्या टोळीवर हल्ला करून त्यांचं निशाण पळवलं, अशी त्यांची परंपरा. त्याची आठवण म्हणून झेंडा मिरवायचा मान दरवर्षी एका अविवाहित तरुणाला मिळतो, त्याला ‘कॉर्नेट’ म्हणतात. घोडदळातल्या निशाण धरणाऱ्या अधिकाऱ्याचा जुना हुद्दा. इथं ‘निशाणदार’ झकास बसेल.

*

‘निशाणदार’ घेतला! पण गॅलाशील्सचं काय करू? तिथला ब्रॉ लॅड्स मेळा १९३० सालचा, तो गायरान राखायला सुरू झालेला नाही.

*

त्याला ‘मेळा’च राहू द्या. आणि जिथं खरोखर हद्द फिरतात तिथं ‘शीवफेरी’ लिहा. फक्त ‘शी’ दीर्घच ठेवा, नाहीतर लोक महादेवाची प्रदक्षिणा समजतील.