सुखाचा शोध घेणाऱ्या अतिवास्तव कथा सुचवा

निळीशाई, परळ
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात अतिवास्तव (म्हणजे स्वप्नासारख्या, अशक्य गोष्टी सहज घडणाऱ्या) कथा घ्यायच्या आहेत, सूत्र 'सुखाचा शोध'. काफ्काची 'मेटामॉर्फॉसिस' बहुतेकांची वाचून झालीय. मराठीतलं काय घ्यावं? दुसरी अडचण अशी की कथा संपली रे संपली की "हे कशाचं प्रतीक, ते कशाचं" सुरू होतं आणि चांगल्या कथेचं शब्दकोडं होऊन जातं. यावर काही उपाय? निम्मे लोक कल्याणच्या पलीकडून येतात, तेव्हा लोकलमध्ये वाचून होतील अशा कथा हव्यात.

गिरगावकर
डोळे मिटून जी.ए. कुलकर्णी घ्या. त्यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) या कथासंग्रहातली 'स्वामी'. वाटेत अडकलेला एक प्रवासी मठात जातो आणि तिथेच कोंडला जातो. त्याला कसलाच त्रास देत नाहीत, उलट स्वामी म्हणून मान देतात, खाण्यापिण्याची सोय चोख. फक्त बाहेर जाता येत नाही. सुख म्हणून माणूस जे जे मागतो ते सगळं मिळाल्यावर उरतं काय, हा प्रश्न इतक्या थंडपणे विचारलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

त्या कोठडीत एक वेल येते. शेवट सांगत नाही, पण तुमच्या अडचणीचा उपाय तिथेच आहे. "वेल म्हणजे आशा" असं कुणी म्हणालं की कथा तिथेच मरते. त्याऐवजी गटाला विचारा, वेल आल्यावर हा माणूस काय करायला लागतो? त्याचं लक्ष कुठे जातं? प्रकाश कुठून येतो? अतिवास्तव कथेतली वस्तू आधी वस्तू असते. तिला वजन असतं, ती वाढते, जागा अडवते. तिच्यामागे माणूस कसा धावतो ते नीट पाहिलं तर त्याला कसलं सुख हवंय ते आपोआप कळतं. अर्थ सांगायची घाई करणाऱ्याला मी तरी सरळ थांबवतो आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचायला लावतो.

मीठमोहोर
गिरगावकरांशी सहमत. जी.एं.चंच 'रमलखुणा' मात्र गटासाठी नको, त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या कथा दीर्घ आहेत, त्या एकट्याने सुट्टीत वाचायच्या.
माझ्याकडून विलास सारंग, त्यांचा कथासंग्रह 'सोलेदाद' (१९७५). ते मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत लिहायचे. विलक्षण गोष्ट ते अगदी कोरड्या, बातमीसारख्या भाषेत सांगतात, म्हणून ती जास्त अंगावर येते. कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई' पण विसरू नका. बाईने स्वतःला हवं ते मागण्यावर इतकं धीट लेखन त्या काळात फार नव्हतं. दुकानात मिळालं नाही तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा.

उत्तररात्र
एक इंग्रजी चालेल का? अर्सुला ल ग्विनची 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलस', १९७३ ची. अगदी छोटी, ठाणे ते दादरमध्ये संपेल. शहरात उत्सव चाललाय, सगळे सुखी, आणि ते सुख एका तळघरात कोंडलेल्या मुलाच्या हालांवर उभं आहे. शहरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं. त्या खोलीत कोपऱ्यात फरशी पुसायचे मॉप ठेवलेत आणि मुलाला त्यांची भीती वाटते. मला त्या मॉपसाठी ही कथा आवडते. मुंबईत बसून ती वाचली तर गटात भांडण होणारच, आणि ते होऊ द्यावं.

निळीशाई, परळ
मनापासून आभार. पहिल्या बैठकीला 'स्वामी', दुसरीला ओमेलस. दोन्हीत कोंडलेला माणूस आहे, एकात तो मानाने कोंडलेला, दुसऱ्यात हाल करून, तेव्हा लागोपाठ वाचायला मजा येईल. सारंग मी आधी स्वतः वाचते. गिरगावकर, मोठ्याने वाचायला नेमका कुठला भाग देता?

गिरगावकर
वेल पहिल्यांदा दिसते तिथून पुढची दोन पानं. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणालाच बोलू देऊ नका.