मदत हवी आहे: बरगडीचा पट्टा कोणता घेऊ?

लालबाग_२५०: भाऊ मोटोक्रॉसच्या (मातीतल्या बाइक शर्यतीच्या) प्रॅक्टिसला डबल जंपवरून पडला, हँडलबार छातीत घुसला. एक्स-रे नॉर्मल आहे. खोकला आला की कळवळतो. पट्टा किती इंची घेऊ? दुकान बंद व्हायच्या आत सांगा.

चिखलवाट: कधी पडला? कुठली बाजू? एक्स-रे उभ्याने काढला की झोपवून? ऑक्सिजन किती?

लालबाग_२५०: काल संध्याकाळी. डावीकडे, खालच्या बरगड्या. झोपवून काढला. बोटावरचं यंत्र ९३ दाखवतंय. पट्ट्याचं सांगा ना.

फिजिओ_ताई: पट्टा नकोच. छाती आवळली की श्वास उथळ होतो, कफ तळाशी साचतो, न्यूमोनिया होतो. खोकताना दुखऱ्या जागी उशी दाबून धरायची. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (खोल श्वास ओढायचं यंत्र), जागेपणी दर तासाला १० वेळा. दुखणं आटोक्यात नसेल तर तो दम भरणारच नाही.

रूस्टगार्ड: दोन दिवस पट्ट्याने काही बिघडत नाही, झोप तरी लागते. अंगात छातीचं कवच कोणतं होतं? ईएन १४०२१ (युरोपी मानक) वाला रूस्ट डिफ्लेक्टर नुसते उडालेले खडे अडवतो. हँडलबारचा मार झेलायला ईएन १६२१-३ लागतं, लेव्हल २ घ्या.

फिजिओ_ताई: ९३ वर "काही बिघडत नाही" म्हणू नका हो!

विमानवारी: फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ती पूर्ण गेल्यावरही निदान आठवडाभर विमान नको. पुढची राउंड बाहेरगावी असेल तर लक्षात ठेवा.

चिखलवाट: ते सगळं नंतर. उताण्या माणसाच्या छातीत हवा पुढच्या बाजूला पसरते, एक्स-रेत सहज निसटते. बरगडीचे तडेही निसटतात. फुप्फुसाचा मुका मार २४ ते ४८ तास वाढत जातो. डावा खांदा दुखतोय का?

लालबाग_२५०: हो, कालपासून. पण खांद्यावर पडलाच नाही तो.

चिखलवाट: मग प्लीहा (पोटातला स्प्लीन हा अवयव) फुटलेली असू शकते. ती डाव्या ९ ते ११ बरगड्यांच्या आड असते. रक्त श्वासपटलाखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) साचलं की कळ खांद्यात उमटते. आत्ता १०८ लावा. पाणीसुद्धा देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. केईएम हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगा: हँडलबारचा मार, डाव्या खालच्या बरगड्या, डावा खांदा, ऑक्सिजन ९३. सोनोग्राफी आणि सीटी मागा.

लालबाग_२५०: लावला. येईपर्यंत झोपवू की बसवू?

चिखलवाट: मान-पाठ दुखत नसेल तर टेकून बसवा. घाम सुटला, चक्कर आली तर आडवा करा.